लेबलं सुटलेल्या दोन बरण्या

धाकट्या जावेनं घरात मासे आणणं बंद केलं, तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं. कारण मला ठाऊक होतं. दुसऱ्या महिन्यातच तिचा गर्भ पडला होता आणि समजूत घालायच्या नादात डॉक्टरीणबाई बोलून गेल्या होत्या, "अजून माणूस कुठे झाला होता? या दिवसांत सगळे माशासारखेच असतात."

तेव्हापासून बाजारातले मासे तिच्याकडे टक लावून बघायचे म्हणे. भांडी घासताना मध्येच हात थांबायचा. पाण्यात काहीतरी वळलं, म्हणायची.

"ताई, मी बाळासाठी रडू की माशासाठी, तेवढं सांगा. आई म्हणतात, काही नव्हतंच. मग कूस बदलताना मी अजून जपून का वळते?"

मी कॉलेजच्या संग्रहालयात बरण्या सांभाळते. काचा पुसायच्या, आतलं औषधाचं पाणी बदलायचं. एका फळीवर मासा, कोंबडी, डुक्कर आणि माणूस यांचे गर्भ ओळीनं मांडलेत. तिला ते बघायचे होते. बरेच दिवस टोलवाटोलवी करून शेवटी मी हो म्हटलं. एका वेळी एकच बरणी धुवायची, हा नियम नव्या बायकांना मीच शिकवते. पण ती यायची म्हणून घाईघाईत शेवटच्या दोन्ही, डुकराची आणि माणसाची, एकदम टबात घातल्या. दोन्हींची लेबलं सुटली आणि पाण्यावर तरंगू लागली.

ती आली, तेव्हा दोन बरण्या ओल्याच होत्या. दोन्हींत वाटाण्याएवढा एकेक जीव, मान खाली, शेपूट आत वळवलेली.

"यातलं माणसाचं कुठलं?"

मी प्राणिशास्त्राच्या सरांना बोलावून आणलं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ निरखलं.

"नुसतं असं बघून छातीठोक सांगणार नाही. सोमवारी नीट तपासू. इतके सारखे दिसतात, तीच तर मेख आहे. आपण सगळे मुळात एकाच घराण्यातले, याचा हाही एक पुरावा."

"म्हणजे तो मासाच होता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काच पुसत राहिले.

"नाही, पोरी. माणसाचा गर्भ पहिल्यापासून माणसाचाच. सुरुवात तेवढी जुन्या वळणाची. मानेपाशी या घड्या दिसतात? माशात त्यांचे कल्ले होतात. आपल्यात त्यांतून जबडा होतो, कानातली इवली हाडं होतात."

"कानातली? मग त्याला ऐकू येत होतं?"

"अजून नाही."

"मी बोलायचे त्याच्याशी," ती म्हणाली. "भाजी चिरताना."

सरांना विषय मिळाला की तासाचं भान राहत नाही. पण तेव्हा त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि दार हळूच लोटून बाहेर गेले.

ती खाली वाकली. आधी एका बरणीशी काहीतरी पुटपुटली. मग दुसरीशी तेवढंच, तितक्याच हळू. काचेवर तिच्या श्वासाचे दोन ठसे उमटले. मग ती रडली. कुणासाठी, हे तिनं विचारलं नाही.

सोमवारी सरांनी तपासून दिलं आणि मी लेबलं चिकटवली. ती अजून अधूनमधून येते. ती यायची असली की मी त्या दोन बरण्या फिरवून ठेवते, लेबलं भिंतीकडे करून. आणि ती गेल्यावर लगेच पुसायला जात नाही. काचेवरचे ते दोन ठसे आपोआप विरेपर्यंत थांबते. हल्ली त्यांना फार वेळ लागतो; ती बोलतेच तेवढी.