दारापुढे

तुरुंगात तो छतावर सौर पॅनल बसवायला शिकला आणि सुटल्यावर त्याच कामाला लागला. तुरुंगातली एक खोड मात्र सुटेना. बंद दार दिसलं की कुणीतरी उघडेपर्यंत तो गप्प उभा राहायचा. मुकादम हसायचा, "जावईबापू, ढकला की! की वाजंत्री बोलावू?"

त्या दुपारी छतावरच बहिणीचा फोन आला. "दादा, आईचं काही खरं नाही. तुझंच नाव घेतेय."

हातातला पाना टाकून तो धावत सुटला. घरी आईच्या खोलीचं दार बंद होतं. तो उभा राहिला. हाकसुद्धा मारली नाही.

बऱ्याच वेळाने रडवेल्या बहिणीने दार उघडलं. "आत्ता आलास होय रे? शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती."

दार नुसतं लोटलेलं होतं.