अख्खे डास

"हे डास आहेत की चहाची भुकटी?"

बरणी उजेडात धरून तिने हलवली. भाऊ दारातच उभा होता. चपला त्याने बाहेर काढून ठेवल्या होत्या. प्रयोगशाळेत चपला चालतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिनेही सांगितलं नाही.

मेंढ्या गाभडतायत, दिवस भरायच्या आत कोकरं पडतायत, तो म्हणत होता. एकीमागून एक. वाड्यात डास इतके की तोंड उघडायची सोय नाही. गुरांचे डॉक्टर म्हणाले, डास कोणता ते कळलं तर पुढचं ठरवू. म्हणून त्याने टॉवेलने मारून आणले.

टॉवेलने. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीला ऐकू जाईल अशा बेताने तिने तो शब्द पुन्हा उच्चारला.

*अंगावरचे खवले शाबूत आहेत? असतील तर पुढे जा. नसतील तर नमुना बाद.*

डास ओळखायच्या तक्त्यातला हा पहिलाच प्रश्न. तिला लागत ते सापळ्यात सापडलेले, गोठवून मारलेले, अख्खे डास. ते गार ताटलीवर पसरायचे, एकेकाची सोंड, पंख, पाय भिंगाखाली पाहायचे आणि जातवार कुप्यांत भरून विषाणूच्या तपासणीला पाठवायचे. कुठला नुसती झोपमोड करतो आणि कुठला जनावराचा ताप माणसाला आणून देतो, हे तिला चिमट्याने उचलतानाच कळे. डास सोडले तर जगात कोणाबद्दल तिला आदर नव्हता. साहेब? खुर्चीला चिकटलेली अळी. नवी मुलगी? पुस्तक उघडल्याशिवाय नर-मादी कळत नाही. भाऊ? मेंढरांत राहून मेंढरू झालेला.

"ताई, एकदा भिंगाखाली तरी बघ."

"धरता येत नसतील तर आणू नयेत. नंबर लागला की येईल माणूस सापळा लावायला."

त्याच्यासमोरच तिने बरणी कचऱ्यात उपडी केली. काही पाय काचेलाच चिकटून राहिले. काळे, त्यांवर पांढरे पट्टे. जात ओळखायला एक पाय पुरला असता. तिने पाहिलं नाही.

तो चपला घालून गेला. अडलेल्या मेंढ्या त्याने उघड्या हातांनीच सोडवल्या, दर वर्षी सोडवायचा तशा.

सापळेवाला पोचला तेव्हा वाड्यात मेंढ्या फारशा उरल्या नव्हत्या. डास होते. ते आले, अगदी अख्खे. पहिलाच उचलला आणि तिला कळलं, जनावराचा ताप माणसाला आणून देणारा. तो ताप आजारी जनावराच्या रक्ताला हात लागला तरी होतो. जातीचं नाव तिने सुरेख अक्षरात लिहिलं. भाऊ तेव्हा दवाखान्यात तापाने फणफणत होता.

*पोट फुगलेलं आहे? असेल तर रक्त कोणाचं ते तपासा.*

तो घरी आल्यावर ती भेटायला गेली. भावजय पाणी ठेवून आत निघून गेली. भाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. इतका मोठा झाला तरी रुसतो, तिला वाटलं.

"राग आलाय का माझा?"

"तसं नाही गं. तापाने डोळे गेले. म्हणजे पुरते नाही. सरळ बघितलं की मधलंच दिसत नाही. तुझे कान दिसतात, तोंड नाही. असं बाजूला बघितलं की जरा दिसतेस."

मग ती समजावू लागली. चुरगळलेल्या नमुन्यावरून काही सांगणं नियमात बसत नाही. तिच्या जागी कोणीही हेच केलं असतं. टॉवेलने मारलेल्या डासांना शास्त्रात काही किंमत नसते, हे त्याने समजून घ्यायला हवं.

तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने मान वळवली, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत सरळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.