एकटी माणसं पाहिजेत

शकूबाईशी भावकीनं बोलणं टाकलं होतं, आणि तेही इतक्या सफाईनं की बाहेरच्याला वाससुद्धा येऊ नये. वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही. म्हणतील कशाला, अंगाशी येतं ना! फक्त ती नळावर आली की गप्पा थांबायच्या. बारशाचं, साखरपुड्याचं बोलावणं तिचं घर सोडून पुढं जायचं. दिराची नातवंडंसुद्धा तिला बघून गपकन आत पळायची, इतकी पढवून ठेवलेली.

कारण काय, तर एक सही. पोशीरच्या रस्त्याला लागून भावकीची सामाईक भातजमीन होती, ती मुंबईच्या एका माणसाला फार्महाऊससाठी द्यायची ठरली. सगळ्यांनी सह्या केल्या. शकूबाईला ना मूल ना बाळ, नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर त्याच्या जागी तिचं नाव लागलेलं. ती म्हणाली, "भात पिकतंय तवर कुणापुढं हात पसरायला नको. मी नाय सही करनार." धाकटा दीर गजा एवढंच म्हणाला, "बरं, वयनी." आणि त्या दिवसापासून आळी मुकी झाली.

पहिलं वर्ष शकूबाईनं ताठ्यात काढलं. बोलत नाहीत तर गेले उडत! दुसऱ्या वर्षी ताठा उतरला. पोटाला भूक लागते तशी बोलण्याचीही लागते, हे तिला साठी उलटल्यावर कळलं. मग ती टेंपोनं नेरळच्या बाजारात जायची आणि घ्यायची नसलेली वांगी निवडत बसायची. का, तर भाजीवालीनं म्हणावं, "घे गं मावशी, ताजी हायत." तेवढं ऐकलं की परत घरी. कधी घरात मोठ्यानं बोलायला लागायची आणि आपल्याच आवाजाला दचकायची. असंच चाललं तर वेड लागेल मला, तिला वाटायचं, खरंच लागेल.

अशात एक दिवस हर्षला नावाची गावची आशाताई बीपीच्या गोळ्या द्यायला आली. बिचारी नेहमी घाईत, पण त्या दिवशी उंबऱ्यात टेकली.

"काकी, मुंबईच्या एका विद्यापीठाचा अभ्यास हाय. बोलायला कुणी नसलं की म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीचं काय होतं, ते बघतायत. एकटी माणसं पाहिजेत त्यांना. त्यांच्या यादीत नाव बसलं तर वर्षभर दर आठवड्याला एक मुलगी येणार, बीपी बघणार, तासभर बोलत बसणार."

"तासभर?"

"हो. आधी एकदा येऊन प्रश्न विचारतील. खरं खरं सांगा म्हणजे झालं."

"अगं, खोटं कशाला सांगू? बीपी नाय बघितलं तरी चालंल म्हणावं."

हर्षला हसली. शकूबाईला मात्र हसू आलं नाही. त्या तासासाठी तिचा जीव टांगणीला लागला. काय बोलायचं, कुठून सुरू करायचं, पोरीला तांदळाचे पोळे आवडतील की घावन, सगळं तिनं मनात मांडून ठेवलं.

सानवी नावाची ती मुलगी रिक्षातून उतरली आणि तिथंच घोळ झाला. कोपऱ्यावर गजाच्या ओटीवर माणसं बसली होती, तिनं नेमकं त्यांनाच विचारलं, "एकट्या राहणाऱ्या शकूबाई कुठं राहतात?"

एकट्या! गजाला ते असं झोंबलं की विचारू नका. आपल्या घरातली बाई एकटी, असं मुंबईच्या पुस्तकात छापून येणार? उद्या पोरीचं स्थळ बघायला आलेले लोक तेच काढणार! चहाला उकळी फुटायच्या आत अख्खी भावकी शकूबाईच्या घरात हजर. ज्यांनी दोन वर्षं उंबरा ओलांडला नव्हता ते भिंतीला पाठ टेकून असे बसले, जसे काही रोजचेच.

"मला एकट्या आजींशी बोलायचं होतं," सानवी म्हणाली.

"दार लावून बोलायची रीत नाय आमच्यात, ताई," गजा म्हणाला. "तुमी विचारा. आमी गप बसतो."

गजाची बायको कोंडी चांगल्या कपांतून चहा घेऊन आली. शकूबाईला चिकटून बसली. "बाय, तुजा बिनसाखरेचा हाय गं," म्हणाली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

शकूबाईनं कप दोन्ही हातांत धरला. ढोंग आहे, हे तिला कळत का नव्हतं? सगळं कळत होतं. पण तो हात ऊन होता, आणि बाय म्हणून हाक मारायला दुसरं होतं कोण?

सानवीनं मांडीवरचा टॅब उघडला. "आजी, गेल्या आठवड्यात तुमच्याशी कोण कोण बोललं?"

कोंडीचा हात पाठीवरून हलकेच फिरला. आता नाय म्हटलं तर हा हात उठणार, तो कायमचा. आणि हो म्हटलं तर? कुणी सांगावं, हो म्हटल्यावर राहील तिथंच. वेडी आशा, दुसरं काय!

"सगळीच बोलतात की," शकूबाई म्हणाली. "ही कोंडी तर रोज येते."

सानवी मनापासून हसली. "नशीबवान आहात, आजी. मग तुमचं नाव नाही बसणार. ज्यांना कुणीच नाही, त्यांच्यासाठी आहे हे." तिनं टॅब मिटला आणि सगळ्यांना नमस्कार करून निघाली.

रिक्षाचा आवाज आला तशी भावकी उठली. कुणी एक शब्द बोललं नाही. कोंडीनं कप गोळा केले, शकूबाईच्या हातातला अर्धा भरलेला कपही काढून घेतला, आणि गेली.

शकूबाई अनवाणी रस्त्याला धावली. "ए बाई, थांब! मी खोटं बोलले! कुणी येत नाय माज्याकडं, कुणीसुदीक नाय!"

सानवीनं रिक्षा थांबवली. तिनं आजीकडं बघितलं, मग मागं आपापल्या दारात उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं. "आजी, नाव नाही बसलं की पुष्कळजण असंच म्हणतात हो. मी आत्ताच घरभर माणसं बघितली ना?" आवाजात कीव होती, तीच जास्त लागली. "माहिती पाठवून झाली. आता बदलता नाही येत."

रिक्षा गेली. शकूबाई परत आली तेव्हा कोंडी नळावर कप विसळत होती.

"कोंडे, बोल की गं," शकूबाई म्हणाली. लाज सोडून म्हणाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "शिव्या दे, पन बोल. मी मरून जाईन गं अशी."

कोंडीनं आजूबाजूला बघितलं. ती काही दगडाची नव्हती, पण नवऱ्याच्या धाकातली होती. खाली मान घालून पुटपुटली, "सही कर, बाय. मंग रोज येते."

शकूबाई नळाच्या कट्ट्यावर मटकन बसली.

"आन कागद," ती म्हणाली. "पन आधी बस जरा माज्याजवळ."