ड्रॉवरची तब्येत

बोरिवलीत सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा दातांचा दवाखाना. दात काढायचे डॉक्टर यज्ञेशनी आणि एक्स-रे काढायचा मी, संघमित्रानं. हेअर ड्रायरसारखं हातात धरायचं मशीन आहे. पेशंटच्या गालाशी न्यायचं, बटण दाबायचं. मशीनच्या तोंडाशी एक गोल, जाड काच असते. उलटे फिरणारे किरण ती अडवते, म्हणजे धरणाऱ्याच्या अंगावर येत नाहीत. डॉक्टरांनी तीच काढून ठेवली. का तर म्हणे, मध्ये मध्ये येते.

"अहो सर, ती माझ्यासाठी असते," मी सांगितलं.

"इतकं काही नसतं गं. खेळणं आहे ते!" असं म्हणायचं आणि मी बटण दाबायच्या आत स्वतः दाराबाहेर. कधी फोन, कधी पाणी. दरवेळी हां! एकदासुद्धा चुकले नाहीत.

वर्षभर मी रोज पंधरा-वीस एक्स-रे काढले. परवा माझ्या बॅजचा रिपोर्ट आला. हा बॅज छातीवर लावायचा असतो, तीन महिन्यांत अंगावर किती किरण आले ते त्यावरून कळतं. डॉक्टरांनी कागद माझ्या तोंडासमोर नाचवला. "बघ, शून्य! उगाच बोंबलत होतीस."

माझं डोकंच फिरलं. हरवेल म्हणून तो बॅज त्यांनीच पहिल्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवलेला!

"सर, ही ड्रॉवरची तब्येत झाली. ड्रॉवर ठणठणीत आहे. माझं काय?"

खुर्चीत रुक्मिणीकाकू गाल सुजवून बसल्या होत्या. डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले, "पेशंटसमोर नाटकं नकोत. मशीन घे."

"काच लावा, घेते."

"नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

घर माझ्या पगारावर चालतं. पण आमच्या आईनं जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाही, मी काय म्हणून घालू? मी मशीन उचललं आणि त्यांच्याच हातात दिलं.

"घ्या, तुम्हीच काढा. खेळणंच आहे ना?"

आणि जाऊन दाराबाहेर उभी राहिले, त्यांच्या नेहमीच्या जागेवर.

डॉक्टरांनी मशीन काकूंच्या गालाशी नेलं. बोट बटणावर ठेवलं. बोट काही हलेना. एकदा मशीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

काकूंनी वैतागून एक्स-रेसाठी दाताशी धरलेला सेन्सर तोंडातून बाहेर काढला. "अहो, दाबताय की नाही? जबडा आखडला माझा!"

डॉक्टरांनी मशीन खाली ठेवलं. कपाळ पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती काच कुठंय?"

"बॅज आहे त्याच ड्रॉवरमध्ये. चावी तुमच्या खिशात आहे," मी म्हटलं. "आता उघडताच आहात, तर माझा बॅजपण द्या."