सहलीची रंगीत तालीम

मी शेकायची पिशवी बोलतेय. दचकू नका. एरवी माझ्या तोंडाला बूच असतं म्हणून मी गप्प असते. आज मामांनी ते धड लावलेलं नाही, तेवढ्यात बोलून घेते.

रबराच्या कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून बाहेर पडलं की आम्हा बहिणींच्या पोटात हवा भरून पाण्यात बुडवायचे आणि जिचा बुडबुडा निघाला ती बाद. मी पहिल्या फटक्यात पास झाले. माझं शिक्षण एवढंच, पण त्यात नापासाचा डाग नाही.

तिथून एका औषधांच्या दुकानात आले. वाटेत माझं खोकं फाटलं आणि माझं नशीबही. गिऱ्हाइकं मला हातात घ्यायची, दाबून बघायची आणि म्हणायची, "दुसरी दाखवा." शेवटी दुकानात काम करणाऱ्या बाईंनाच माझी दया आली. त्यांनी मला आपल्या नणंदेसाठी घरी नेलं.

त्या नणंदबाई म्हणजे माझी आत्या. घरातली मुलगी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणते. आत्या टेलिफोन ऑफिसात होती. सगळी नोकरी तिनं एका खुर्चीवर बसून इकडच्या माणसांचे फोन तिकडच्या माणसांना जोडून देण्यात घालवली. त्या खुर्चीनं तिच्या कंबरेची पार वाट लावली. निवृत्तीच्या समारंभात ऑफिसनं तिला भेट काय दिली असेल? खुर्ची!

तिनं मला निळ्या लोकरीचा अंगरखा विणला. लोकर संपली म्हणून गळ्याशी पिवळा पट्टा आला, पण मला तो शोभतो असं माझं मत आहे. ती मला कधी काठोकाठ भरत नाही. अर्ध्याच्या थोडं वर पाणी, मग मला छातीशी धरून आतली हवा काढायची आणि बूच पिळून घट्ट लावायचं. मी कंबरेला टेकले की ती डोळे मिटून म्हणते, "हं." त्या एका "हं"वर मी आजवर जगले आहे.

या घराचे कर्ते पुरुष, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, एका नाटक कंपनीत पडद्यामागची सगळी व्यवस्था बघतात. त्यांना घरीदारी सगळे मॅनेजरच म्हणतात. फक्त आत्या त्यांना बाळ्या म्हणते. कोण कुठून रंगमंचावर येणार, कंदील कोणत्या टेबलावर, घंटा कधी द्यायची, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की घरीसुद्धा त्यांना तालमीशिवाय काही करवत नाही. त्यांचा एक नियम आहे, "तालमीला नाही तो प्रयोगाला नाही." एकदा त्यांच्या नाटकाचा नायक स्वतःच्या लग्नामुळे तालमीला येऊ शकला नाही. मॅनेजरांनी त्याला आहेर दिला आणि भूमिका दुसऱ्याला दिली.

तर उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि चिमणीचे मामा बातमी घेऊन आले. चिमणी म्हणजे मॅनेजरांची लेक. नाव चिमणी, पण उंची अशी की माळ्यावरचा डबा तिच्याकडूनच काढून घेतात. मामा बँकेत आहेत, आणि बँकेबाहेरच्या सगळ्याच विषयांत त्यांना गती आहे.

"डोंगरात लहान लहान गावं आहेत," मामा नकाशा टेबलावर पसरत म्हणाले. "प्रत्येक गावात जमिनीतून गरम पाण्याचे झरे येतात. लोक त्यात तासन्‌तास बसतात. अंगदुखी, कंबरदुखी, सगळं गायब!"

"उन्हाळ्यात गरम पाण्यात?" चिमणीच्या आईनं, म्हणजे मला दुकानातून आणणाऱ्या बाईंनी, विचारलं.

"अगं, वर थंडी असते!"

मी तेव्हा आत्याच्या कंबरेमागे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गरम पाणी हवं होतं तर घरात मी होते ना! कुठल्या कोण झऱ्याचं कौतुक सांगायला हे आले.

पुढे रोज जेवणाच्या टेबलावर गावं निवडणं चाललं आणि भाजी करपणं चाललं. चिमणीला असं गाव हवं होतं जिथे कुंड उघड्यावर आहे आणि समोर शिखर दिसतं, म्हणजे फोटो चांगले येतील. तिच्या आईला खोलीतच स्वतंत्र टाकी हवी होती. "अनोळखी माणसांच्या पाण्यात मी पाय घालणार नाही," असं त्यांनी निक्षून सांगितलं. मामांना पाण्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, ते कोणत्या गावात जेवण चांगलं याची चौकशी करत होते. मॅनेजरांचं म्हणणं वेगळंच.

"आधी कोमट पाण्याचं गाव, मग गरम, शेवटी कडक. चढत चढत जायचं. पहिल्याच अंकात कळस गाठला तर प्रेक्षक पुढे झोपतो."

"बाबा, आपण प्रेक्षक नाही. आपण भिजणार आहोत."

"म्हणूनच म्हणतो, एकदम कडक नको!"

आत्याचं नाव कुठेच नव्हतं. गाडी एवढीशी. पुढे दोघं, मागे दोघं, तिसऱ्याच्या वाट्याला फक्त दाराची कडी. शिवाय मॅनेजरांचा बंद घरावर विश्वास नाही. बंद नाट्यगृहात उंदीर होतात, तसे घरातही होतील अशी त्यांची खात्री. कोणी काही विचारायच्या आत आत्याच म्हणाली, "माझं काय, मी घर सांभाळते." आणि सगळ्यांनी इतक्या चटकन मान हलवली की मला मनातून आनंद झाला. सहल संपेपर्यंत आत्या सगळी माझी!

फक्त एकदा भाजी निवडता निवडता तिनं चिमणीला विचारलं, "त्या कुंडात उतरायला पायऱ्या असतात का गं? धरायला दांडी वगैरे?" चिमणी मोबाईलमध्ये शिखर शोधत होती. तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

गावं ठरली तशी मॅनेजरांनी तालीम लावली. पहिल्या घंटेला सामान गाडीवर, दुसऱ्या घंटेला माणसं जागेवर, तिसऱ्या घंटेला गाडी सुरू. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, वळसा घालून परत यायचं. त्यांनी नाटकातली पितळी घंटा खास त्यासाठी घरी आणली होती. अडचण एकच, मामांना बँकेतून सुटका नव्हती.

"मामांच्या जागी कोणीतरी हवं," मॅनेजर म्हणाले. "रिकाम्या जागेवर तालीम होत नाही. ताई, तू बस. आज तू बदली नट."

आत्या शेक घेत होती, ती तशीच मला कंबरेमागे धरून गाडीत जाऊन बसली. गाडी हलली आणि आत्यानं दोन्ही पाय पसरून मामांच्या आवाजात सुरुवात केली, "पुढच्या वळणावर चहा फक्कड मिळतो बरं का! आणि काच जरा खाली घ्या, मला मळमळतंय." चिमणी हसून हसून सीटवर आडवी झाली. तिची आई तोंडाला पदर लावून हसली, सख्ख्या भावाची नक्कल म्हणून थोडं कमी. मॅनेजर तेवढे गंभीर. "मामा, पाय आत घ्या. संवाद छान."

मग पाण्यातली तालीम. कपडे धुवायचा मोठा टब गच्चीत ठेवून त्यात गरम पाणी ओतलं आणि एकेकानं पाय बुडवून किती सोसतं ते पाहिलं. मामांची बदली म्हणून आत्याचीही पाळी आली. मला वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी टांगलं होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं. आत्यानं पाय पाण्यात सोडले, खांदे खाली आले आणि ती म्हणाली, "आहाहा!"

ऐकलंत? मला "हं" आणि त्या मोरीतल्या टबाला "आहाहा"! मत्सरानं माझं रबर ताणलं गेलं.

खोलीत आल्यावर आत्यानं दार लोटलं. कपाटातून एक कोरा टॉवेल काढला, त्याचं वरचं लेबल कापलं, पुन्हा घडी घातली आणि मला भरून मांडीवर घेऊन बसली. "मला जायचंय गं," ती म्हणाली. "मला खूप जायचंय. पण मी घर सांभाळते म्हटलं आणि कोणी नुसतं 'चल ना' म्हणून बघितलंही नाही."

ती हे मलाच सांगत होती, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं. माझ्या पोटातलं पाणी गार पडलं. ती माझ्याजवळ राहणार म्हणून मी आनंदानं फुगले होते, त्याची मला लाज वाटली. बोलावंसं फार वाटलं, पण तिनं बूच नेहमीसारखं घट्ट लावलं होतं.

निघायचा दिवस उजाडला. मामा सकाळी सकाळी टोपी घालून, भलीमोठी बॅग ओढत आले आणि आल्या आल्या आंघोळीला गेले. "बँकेतून सुटलोय, जरा ताजातवाना होतो," म्हणाले. इकडे मॅनेजरांनी पहिली घंटा दिली. सामान गाडीवर चढलं. दुसरी घंटा झाली. चिमणी आपल्या जागी, तिची आई आपल्या जागी. आत्या मला कंबरेशी धरून दारात निरोप द्यायला उभी होती. ती क्षणभर थांबली, खुर्चीवरचा कोरा टॉवेल उचलला आणि तालमीतल्यासारखी सरळ गाडीत जाऊन मामांच्या जागेवर बसली.

कोणालाच काही वावगं वाटलं नाही! चिमणीनं सवयीनं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. तिच्या आईनं सवयीनं "दार नीट लागलं का?" विचारलं. मॅनेजरांनी तिसरी घंटा दिली आणि गाडी निघाली. दुसऱ्या घरातली माणसं असती तर मोजली असती. या घरात मोजायची गरज नव्हती, कारण तालीम चोख झाली होती.

आत्याचं मात्र चुकून झालेलं नव्हतं. मी तिच्या पाठीला टेकलेली, मला कळत होतं. पाठ लाकडासारखी ताठ झाली होती आणि ती श्वास रोखून बसली होती. मामांचा एकही संवाद तिनं म्हटला नाही.

पाण्याच्या टाकीशी मॅनेजरांनी आरशात पाहिलं आणि कचकन ब्रेक मारला.

"ताई! तू? अगं, मामा कुठे आहेत?"

"आंघोळीला."

गाडी वळली. घराच्या फाटकात मामा टॉवेल गुंडाळून, साबणाच्या फेसासकट उभे. "अहो मॅनेजर!" ते ओरडले. "मला सोडून निघालात? कल्पना कोणाची, नकाशा कोणाचा!"

"ताई, उतर बाई," मॅनेजर घाम पुसत म्हणाले. "गडबड झाली."

"मी उतरणार नाही, बाळ्या."

आत्याचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मलाही यायचंय. पहिल्या दिवसापासून यायचंय. मी घर सांभाळते म्हणते आणि तुम्ही सगळे सुटल्यासारखे हो म्हणता. माझी कंबर दुखते हे सगळ्यांना माहीत आहे. कंबर दुखणारं माणूस घरी, आणि ठणठणीत माणसं शेकायला! मामांची नक्कल करून का होईना, गाडीत बसायला मिळालं म्हणून मी तालमीला आले. आता खेचून काढा, नाहीतर न्या."

चिमणीनं आत्याचा दंड घट्ट धरला. तिच्या आईचे डोळे भरले. "चुकलंच आमचं, ताई," त्या म्हणाल्या आणि भावाकडे बघेनात. मॅनेजर घंटा हातात घेऊन रस्त्याकडे बघत राहिले. बहीण एकीकडे, मेव्हणा दुसरीकडे. असा पेच त्यांच्या कुठल्याच नाटकात आला नव्हता.

मग मामाच फेस निपटत पुढे आले. "तुमच्या कंपनीचा तो नियम काय हो? तालमीला नाही तो..."

"प्रयोगाला नाही," मॅनेजर पुटपुटले.

"मग झालं तर. मला राग आलाय, हे आधी सांगून ठेवतो. दोन दिवस राहील. ताई, तुम्ही जा, घर मी सांभाळतो. आणि मॅनेजर, पुढच्या वेळी तालीम बँक सुटल्यावर ठेवा!" असं म्हणून त्यांनी तावातावानं गाडीवरची आपली बॅग खाली घ्यायला उचलली, आणि कंबरेत अशी उसण भरली की तिथेच वाकडे झाले.

आत्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. हातात मी होते.

"हिला घ्या," ती म्हणाली. "अर्ध्याच्या वर भरू नका, हवा काढा, बूच घट्ट लावा. फार गुणाची आहे." आणि तिनं माझा पिवळा पट्टा सरळ केला. मॅनेजरांनी घंटा न देताच गाडी सुरू केली.

तेव्हापासून मी मामांकडे आहे. ते मला काठोकाठ भरतात, माझ्यावर बसून टीव्ही बघतात आणि मी गळले की मलाच बोल लावतात. त्यांचा राग दोन दिवसांनी गेला, कंबरेतली उसण अजून गेलेली नाही.

काल आत्याचा फोन आला. मामांनी तो मोठ्या आवाजात लावला, म्हणून मलाही ऐकू आलं. कुंडाला पायऱ्या आहेत. धरायला दांडीसुद्धा आहे. ती काल सकाळी आपली आपण उतरली आणि मॅनेजरांना बाहेर टॉवेल धरून उभं केलं. पहाटे चिमणीबरोबर चढण चढून आली. मामांनी जेवणाचं विचारलं, तेही तिनं खुलवून सांगितलं. खूप हसली. मी वाट बघत होते. आता विचारेल, माझी पिशवी कशी आहे? आता विचारेल. तिनं सगळ्यांची चौकशी केली, कुंड्यांतल्या झाडांचीसुद्धा, आणि फोन ठेवला. माझं नावही काढलं नाही.

मी फार रुसले. रात्रभर गार पडून होते. सकाळी मामांनी पाणी बदललं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शेकायच्या पिशवीची आठवण माणसाला कधी येते? कंबर दुखते तेव्हा.

आत्या, तू मला विसरलीस! अशीच राहा गं. अजून एखादं गाव कर, कडक पाण्याचं. इकडची काळजी करू नकोस, मामांची कंबर आहे माझ्याजवळ.