आडोशापलीकडचा आवाज

काचेवर तडा आहे की केस, हे तिला ठरवता येईना. बोटानं पुसल्यावर निघाला—केसच, तिचाच, पिकलेला. तरी छातीतली धडधड काही थांबेना. क्रेनच्या या काचेच्या केबिनमध्ये इतकी वर्षं काढली, खाली माणसांच्या फक्त पिवळ्या टोप्या दिसतात याचीसुद्धा सवय झाली, आणि आज एका केसाला घाबरले मी...

सळ्यांचा भारा आज इमारतीच्या मागच्या बाजूला उतरवायचा होता. ती बाजू वरून दिसतच नाही. तिथं तिचे डोळे म्हणजे वॉकीटॉकीतला आवाज. तो आवाज कायम मामांचा असे—साऱ्या साइटचेच मामा ते—आणि मामा गेल्या आठवड्यात काम सोडून लेकीकडे राहायला गेले. "अगं बाई, डावं म्हणजे डावं! लिहायचा हात नव्हे!" असे भर कामात खेकसायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"हळू, ताई... थोडं उजवीकडे... हं." नव्या माणसाचा आवाज मऊ होता, दारात चपला काढून आत आल्यासारखा.

क्रेन चालवायच्या दांड्यावर तिचा हात होता. याच हाताबद्दल पहिल्या दिवशी मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बाईचा हात, ऐन वेळी कापणार"—आणि तेव्हापासून तिनं तो कापू दिला नाही, कुणी चूक दाखवण्याआधीच त्याच्यावर तुटून पडायचं, हे अंगवळणी पाडून घेतलं, लोक मागून 'हेडबाई' म्हणायला लागले तेव्हा तर मनातून सुखावलीच ती... भारा खाली चालला होता. आवाज थांबला होता. का थांबला? विचारावं? पण विचारलं तर—

"थां—थांबा!" वॉकीटॉकीतून तोच आवाज ओरडला.

तिनं दांडा ओढला. तारेचा दोर थरथरला, आणि तो थरकाप केबिनमधून तिच्या दातांपर्यंत आला.

कुणाला काही झालं नव्हतं. सळ्यांची टोकं कठड्याला घासून गेली होती, आणि तिथला गिलाव्याचा मिस्त्री वेळेवर बाजूला झाला होता. जेवायच्या सुट्टीत ती शिडी उतरून आली तेव्हा तो सगळ्यांना हसून सांगत होता, "वाचलो बाबा! आज बायको काय बोलेल ते निमूट ऐकून घेणार." ती दिसताच हसणं आटोपलं.

नवा माणूस नळावर हात धूत होता. तिच्याच वयाचा, बुटका.

"इतका उशीर का केलात?"

"भारा तिरका होतोय, ते आधीच दिसलं होतं, ताई."

"मग?"

त्यानं नळ बंद केला. "म्हटलं, तुमच्या लक्षात आलंच असेल. सकाळीच सांगितलं होतं सगळ्यांनी, हेडबाईंना शिकवायला जाऊ नकोस म्हणून."

तो हे साधेपणानंच बोलला. तिला काहीतरी तोडून बोलायचं होतं. आपली भीती कुणाला दिसू नये म्हणून एवढा आटापिटा केला, आणि यानं तर समोर दिसलेलंही त्याच भीतीपायी सांगितलं नाही... आणखी कोणी कोणी काय काय पाहिलं असेल, आणि गिळलं असेल? घरी मुलगी. दोन महिने झाले, विचारलं की म्हणते, "काही नाही गं आई, सगळं ठीक." मी ते ठीक मानून झोपते.

ती पुन्हा वर चढली. खुर्चीत बसून तिनं बटण दाबलं. "ऐका... माझं चुकतंय असं वाटलं तर लगेच बोला. ओरडा. मला—" तिनं बटण सोडलं.

खरखर झाली. "हो, ताई."

किती पटकन, किती नीट म्हणाला! या 'हो'वर किती भार टाकता येईल? तिनं दांड्यावर हात ठेवला, पण हलवला नाही. वॉकीटॉकीतून अजून काहीतरी ऐकू येत होतं—वारा असेल... नाही, श्वास. तो बटण सोडायला विसरला होता. भरभर, उथळ श्वास, अगदी तिच्यासारखाच. तिच्या हाताला आता कंप सुटला होता, आणि तो न आवरता ती कान देऊन ऐकत राहिली.