हाकेला वळते का

फॉर्मवरचा अकरावा प्रश्न असा होता: हाक मारल्यावर मूल वळून बघतं का? पुढे तीन चौकोन. हो, कधीकधी, नाही.

"हो," ठकीचे आजोबा म्हणाले. खालच्या मजल्यावरही ते कळलं असावं.

मी घरोघरी जाऊन तीन वर्षांखालच्या मुलांची वाढ तपासते. पिशवीत दहा ठोकळे, एक चेंडू, एक बाहुली, चित्रांचं पुस्तक. ठकी वीस महिन्यांची. तिने बाहुलीला चमच्याने भरवलं, चेंडू माझ्या चष्म्यावर मारला आणि ठोकळ्यांचा मनोरा रचायला घेतला. सगळं वयाला साजेसं. शब्द मात्र एकही नाही.

आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या घरात सगळे वरच्या पट्टीत बोलतात. मीठ मागायचं तरी भांडण लागल्यासारखं. माझी पंचाईत उलटी. आवाज चढवायचा नाही, हा माझा रोजचा नेम. ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी दोनदा ऐकवलंय, की तुमचं बोलणं कागदावरच बरं कळतं.

आजोबांनी प्रात्यक्षिक दाखवलं. "ठके!" ठकी वळली. मीही वळले. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई वळली.

"घाला टिक," आजोबा म्हणाले.

मी ठकीच्या मागे बसून माझ्या आवाजात हाक मारली. तिने चौथा ठोकळा ठेवला. पुन्हा मारली. तिने पाचवा ठेवला.

"बाई, तुमचं मला तरी कुठे ऐकू येतंय?"

ते अगदी खरं होतं. मी पेन खाली ठेवलं. 'हो'वर टिक केली तर मी पुन्हा येणार सहा महिन्यांनी. बोलायला शिकायच्या वयातले सहा महिने वाया गेले, की ते भरून काढताना आईबाप मेटाकुटीला येतात. कानाच्या तपासणीला पाठवायचं तर फॉर्मखाली आईची सही लागते.

ठकीची आई ओट्यापाशी होती. तिला म्हटलं, मुलीच्या मागे उभ्या राहून हळू हाक मारून बघा. तिने मारली. आजोबांनी तिकडून "काय?" विचारलं. आणखी हळू, मी म्हटलं. तिला ते जमेना. लग्नाला सहा वर्षं झाली होती, सवय गेली होती. शेवटी कशीबशी पुटपुटली. ठकी चमचा चाटत राहिली. आईने आणखी दोनदा करून बघितलं. मग हात पुसले आणि पेन मागितलं.

"आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही," आजोबा म्हणाले.

"बाबा, तुमचं कानाचं मशीन कुठे आहे?"

"ड्रॉवरमध्ये. बिघडलंय."

"दोन दिवस घातलं होतंत."

यावर ते जे म्हणाले, त्यासाठी माझ्या फॉर्मवर जागा नाही. तिने सही केली.

तपासणीत निघालं ते असं: ठकीला मोठं बोलणं ऐकू येतं, हळू येत नाही. दोन्ही कानांची तीच गत. महिन्याभरात तिला मशीनं मिळाली, करंगळीच्या पेराएवढी. मी दर आठवड्याला जायला लागले. पहिल्या आठवड्यात एक मशीन कुंडीत सापडलं, दुसऱ्यात आजोबांच्या बुटात दोन्ही. आईने खेळणी दिली, टोपी घालून बघितली, शेवटी रडकुंडीला आली. कानात टिकणार नसेल तर तपासणी झाली काय न झाली काय.

तिसऱ्या आठवड्यात गेले, तर आजोबा खुर्चीत ताठ बसलेले, कानांत मशीन. पायाशी ठकी, कानांत मशीन. आईने मला हळूच सांगितलं, ठकी आजोबांची नक्कल करते. त्यांनी काढलं की तीही काढते. त्यामुळे आता त्यांना काढायची सोय राहिलेली नाही.

आजोबांच्या तक्रारी बऱ्याच होत्या. फ्रिज एवढी बडबड करतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सूनबाई भांडी घासताना काय काय बोलते, तेही आता कळायला लागलं होतं. सूनबाई म्हणाली, सहा वर्षं तेच बोलतेय.

मी फॉर्म काढला, ठकीच्या मागे बसले आणि हाक मारली.

ठकी वळली. आजोबाही वळले.

"बाई," ते म्हणाले, "जरा हळू."

मी त्यांची माफी मागितली आणि टिक केली.